वेंदाचे रिकामे हात

"मिशी भादरून देईन!" असं मी म्हणालो तेव्हा माझ्या हातात तिसरी बिअर होती, हे आधीच कबूल करून टाकतो. पण पहिली असती तरी मी तेच म्हणालो असतो. वेंदेलिनला मी बावीस वर्षं ओळखतो.

ब्रनोमधल्या आमच्या बिल्डिंगला मधोमध चौक आहे आणि प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती लांबच लांब गॅलरी. सगळ्यांची दारं त्या गॅलरीतच उघडतात, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय आणि कुणाचं काय बिनसलंय ते वेगळं विचारावं लागत नाही. त्या एप्रिलच्या संध्याकाळी वेंदेलिन, म्हणजे आमचा वेंदा, खाली चौकात उताणा पडला होता. तळमजल्यावरच्या श्टेपांका आजींचं वॉशिंग मशीन त्याने बाहेर ओढून काढलं होतं आणि आता त्याचे फक्त पाय दिसत होते. ट्राम डेपोत तो मेकॅनिक होता, मी ट्राम चालवतो. मी बिघडवायच्या, त्याने नीट करायच्या, अशी आमची वाटणी. दोन वर्षांपूर्वी तो रिटायर झाला आणि तेव्हापासून आमच्याकडे एक नळ गळत नाही की एक दार करकरत नाही. झोपेतून उठवून सांगा, पंखा वाजतोय, चड्डीवर येईल.

त्याची बायको क्वेता बाकावर बसून मोबाइलवर फोटो दाखवत होती. त्रेबोन. छोटंसं गाव, शेजारी मोठा तलाव, गरम चिखलाची अंघोळ, खायला ताजा कार्प मासा. शुक्रवार ते रविवार दोन खोल्या मिळत होत्या. एक त्यांना, एक आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या यारमिलाला.

"याला कशाला नेतेस?" मी त्या पायांकडे बोट दाखवून म्हटलं. "तिथं करकरणारं काही आहे का?"

"आहे ना. मी," क्वेता म्हणाली.

सगळे हसले. मशीनखालचे पायसुद्धा हलले. पण क्वेता हसली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर ही दोघं अशीच दोन दिवस एका गावाला गेली होती. घरमालकिणीचा बॉयलर बिघडला. वेंदाने दोन्ही दिवस बॉयलरखाली काढले आणि नव्या नवरीने टॉर्च धरला. "सरळ धर! मला काय छत दुरुस्त करायचंय?" हे त्याने तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकवलं, आणि आजतागायत ऐकवतो आहे. आख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे.

"माझ्या बहिणीचा फोन आलाय," क्वेता यारमिलाला म्हणाली, पण आवाज असा, की पायांना ऐकू जावा. "कोशित्सेहून. म्हणते, एकटी पडलेय, मेपासून सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे येऊन राहा, दर वर्षी ये. रविवारी रात्रीपर्यंत सांगते म्हटलंय. इथे तरी मी कुणाबरोबर राहते? पाच महिने इथे एकटी काय, तिथे काय."

वेंदा मशीनखालून बाहेर आला. नाकावर ग्रीस. "असं कसं? मी बसेन की तुझ्याजवळ. दोन दिवस. नुसता."

"तू? नुसता?" मला राहवलं नाही. "वेंदा, तू काही दुरुस्त न करता दोन दिवस राहिलास ना, तर मी मिशी भादरून देईन! भर चौकात!"

आणि माझी मिशी म्हणजे काय चीज आहे ते मी स्वतः सांगणं बरं नाही. ट्राममध्ये म्हाताऱ्या बायका माझी मिशी बघून पुढच्या दाराने चढतात, एवढंच सांगतो.

"आणि राहिलो नाही तर माझी," वेंदा म्हणाला. त्याची मिशी म्हणजे दात घासायचा जुना ब्रश, पण त्याला ती प्यारी.

आम्ही हात मिळवले. श्टेपांका आजींनी आमच्या मिळवलेल्या हातांवर वरून हात मारून पैज पक्की केली. "शुक्रवारी गाडीतून उतरल्यापासून रविवारी गाडीत चढेपर्यंत," आजी म्हणाल्या, "वेंदेलिनने कुठलीही मोडकी वस्तू हात लावून दुरुस्त करायची नाही. आणि बोहुश, तुझं लबाडपण मला माहीत आहे."

आजींना माहीत होतं. पण आजी आमच्याबरोबर येणार नव्हत्या.

शुक्रवारी गाडी ब्रनो स्टेशनातून पुरती बाहेर पडायच्या आत क्वेताने तळलेल्या कटलेटचा डबा उघडला. प्रवासाला निघालो आणि डब्यात पावाबरोबर थंड कटलेट नाहीत असं आमच्यात होत नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासालासुद्धा नेतो. तर दुसरं कटलेट उचलल्यावर तिच्या बोटांना काहीतरी गार लागलं. तिने फॉइल उलगडली. आत पाना! चकचकीत, हवा तसा लहानमोठा होणारा.

"हे काय आहे, वेंदा?"

"कुठे काय?" वेंदा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"डुकराचं हाड असेल," मी म्हटलं.

क्वेताने पाना कागदी रुमालाने पुसला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावली. वेंदाने असा सुस्कारा सोडला, जसं काही तिने त्याचा कुत्राच गाडीतून खाली उतरवला होता.

माझा पाना माझ्या मोज्यात होता. तो कुणी शोधला नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी, सगळे झोपलेले असताना, मी गावात एक फेरी मारली. वाईट हेतू नव्हता हो. नुसती गंमत. तलावाच्या काठावर, बदकांसमोर जो बाक क्वेताने फोटोत हेरून ठेवला होता, त्याचा एक नट दीड आटे सैल केला. मोठ्या चौकातल्या कमानींखाली जे कॉफीचं दुकान होतं, त्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाच्या पायाखाली घडी घालून कागदी पुठ्ठा सरकवलेला होता. तो काढून घेतला. मग परत येऊन कुबातोवा बाईंच्या, म्हणजे आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात, सिंकखालच्या नळाचा जोड अर्धा आटा सैल केला. थेंब, थेंब, थेंब. संगीतच! एवढं झाल्यावर पाना मोज्यात ठेवला आणि शांतपणे नाश्त्याला बसलो.

वेंदाने पहिल्याच थेंबाला कान टवकारले. पावाला लोणी लावणारी सुरी हवेतच थांबली.

"काही ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. क्वेताने त्याच्या पावाला लोणी लावलं. ती किती खूश झाली होती! एकतीस वर्षांत या माणसाने गळका नळ ऐकून न ऐकल्यासारखं पहिल्यांदाच केलं होतं.

दहा वाजता चिखलाची अंघोळ. वेंदा आणि मी शेजारी शेजारी दोन टबांत, गळ्यापर्यंत काळ्या गरम चिखलात. हातपाय हलवायची सोयच नाही. मला वाटलं, आता तरी हा गडी सैल पडेल.

"बोहुश," तो डोळे मिटून म्हणाला, "तो पंप ऐकतोयस? किती छान चालतोय. कुणीतरी जीव लावून ठेवलाय."

"वेंदा, इथे लोक झोपतात."

"मीही झोपलोच आहे," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "क्वेताला एकदा सांग ना, मी मुद्दाम नाही करत. मोडकं दिसलं की मला ते हाक मारतं. माणसं हाक मारतात तसं."

"ती नाही मारत हाक?"

तो चिखलात आणखी खाली सरकला, पार हनुवटीपर्यंत.

दुपारी कार्प खाल्ला, बिअर प्यायलो, आणि कॉफीला मी सगळ्यांना बरोबर त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं. टेबल डुगडुगलं. वेंदाने हात मांडीखाली घातले. यारमिलाने कोपर टेकलं, टेबल परत डुगडुगलं, आणि क्वेताची कॉफी तिच्या नव्या, आकाशी ब्लाउजवर गेली.

"एक पुठ्ठा," वेंदा पुटपुटला. "नुसता चौघडी पुठ्ठा..."

"बस," क्वेता म्हणाली.

तो बसला. घामाघूम होऊन बसला. मी पोट धरून हसत होतो. यारमिलाने टेबलाखालून मला लाथ मारली.

मग आम्ही तलावावर गेलो. ऊन कलतं होतं, पाण्यावर चांदी पसरल्यासारखी, बदकं आपल्या कामाला लागलेली. क्वेता बाकावर बसली, वेंदा तिच्या शेजारी, आणि तिने त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर घेतला. हे एवढंच तिला हवं होतं. एवढ्यासाठी ती चार तास गाडीत बसून आली होती.

बाक करकरला.

वेंदाचा हात खांद्यावर तसाच राहिला, पण मान खाली गेली. क्वेता थोडी सरकली. बाक परत करकरला. "हलू नकोस," तो हळूच म्हणाला. ती हलली नाही. दोघं तशी पुतळ्यासारखी बसली. ती पाण्याकडे बघतेय, तो नटाकडे.

मी आइसक्रीम आणायला गेलो तेव्हा क्वेता माझ्या मागून आली. मला वाटलं, व्हॅनिला सांगायला आलीय.

"बोहुश, पैज तू जिंकलास असं सांगून टाक," ती म्हणाली. "त्याला पाना देऊन टाकते."

"का? हरतोय कुठे तो? चांगला बसलाय की."

"दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा बसलाय." तिने ब्लाउजवरचा डाग बोटाने घासला. "मला वाटायचं, त्याचे हात थांबले की तो माझ्याजवळ येईल. आता हात थांबलेत आणि तो कुठेच नाहीये. त्यापेक्षा बॉयलरखाली बरा होता. निदान माझ्यावर ओरडत तरी होता." मग ती हसली, पण कसली हसली! "बहिणीला उद्या हो म्हणून सांगते. रागाने नाही. खरंच."

आइसक्रीमवाली विचारत होती कुठलं, आणि मला स्ट्रॉबेरी हा शब्द आठवेना. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळांच्या खोड्या काढल्या. डेपोच्या साहेबाच्या बुटात जेली भरली. पण आपल्याच खोडीची आपल्यालाच लाज वाटावी, हे पहिल्यांदाच झालं.

मी ठरवलं. सगळं होतं तसं करून टाकायचं. बाकाचा नट मी संध्याकाळी आवळायला गेलो, तर तिथे एक जोडपं येऊन बसलं, आणि ते काही उठेना. कॉफीचं दुकान बंद झालेलं, टेबलं आत नेलेली. राहिला नळ. स्वयंपाकघरात कुबातोवा बाई जाम करत बसलेल्या. म्हटलं, ठीक आहे, उद्या सकाळी त्या चर्चला जातील तेव्हा.

रविवारी सकाळी बाई चर्चला गेल्या, मी सिंकखाली शिरलो. मोज्यातून पाना काढला. आता बघा, मी ट्राम चालवतो. पुढे जायचं आणि थांबायचं, एवढं मला येतं. अर्धा आटा सैल केला होता, म्हणून अर्धा आटा आवळला. थेंब थांबेना. म्हटलं, आणखी आवळू. अंगातला सगळा जोर लावला. कट्! असा आवाज झाला, आणि त्रेबोनचं पाणी माझ्या नाकातोंडात गेलं.

माझी बोंब ऐकून तिघंही धावत आले. पाणी कारंज्यासारखं उडत होतं, बाईंची जामची भांडी तरंगायच्या बेतात, आणि मी सिंकखाली हातात पाना घेऊन.

"तू!" यारमिला म्हणाली. तिला एका क्षणात सगळं कळलं. बावीस वर्षांचं लग्न आहे, उगीच नाही. "नळ, टेबल, बाक... सगळं तू!"

वेंदा दारात उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. हात पुढे आले, मागे गेले, आणि शेवटी त्याने ते स्वतःच्या बगलेत कोंबले. "मुख्य कॉक बंद करा," तो कसाबसा म्हणाला. "कुणीतरी. कोठीघरात असणार. जुन्या घरात कोठीतच असतो."

"अरे मूर्खा, कर की दुरुस्त!" मी ओरडलो. "हरलो मी! सोडली पैज!"

"नाही," वेंदा म्हणाला. "क्वेताला कबूल केलंय. तुला नाही, तिला. मी हात लावणार नाही."

क्वेताने त्याच्याकडे बघितलं. मग खुर्चीवरची पर्स घेतली, चेन उघडली, कटलेटमधला पाना बाहेर काढला आणि बाह्या वर सारल्या.

"कोठीघरात अंधार आहे," ती म्हणाली. "टॉर्च घे आणि चल."

मी भिजलेल्या मांजरासारखा मागोमाग गेलो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. कोठीत फळीवर लोणच्याच्या आणि मुरंब्याच्या बरण्या, खाली पिठाची गोणी, आणि गोणीमागे भिंतीत गंजलेला कॉक. क्वेता पिठात गुडघे टेकून बसली. वेंदाने टॉर्च धरला.

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. हळू. तो जुनाय, त्याला आधी थोडं मागे घे, मग पुढे. समजावल्यासारखं."

"समजावते. तू उजेड दे. सरळ धर! मला काय छत दुरुस्त करायचंय?"

टॉर्चचा उजेड भिंतीवर नाचायला लागला. मला वाटलं, चिडला. पण तो हसत होता. आवाज न करता, गदगदा. आणि क्वेताही हसायला लागली, पाना हातात, पिठात बसून. दोघं इतकी हसली की कॉक बंद व्हायला पाच मिनिटं जास्त लागली आणि स्वयंपाकघरात आणखी दोन बोटं पाणी साचलं.

जोडातला रबरी वॉशर फाटला होता, माझ्या कर्तबगारीने. रविवारी दुकानं बंद. "बरणीचं रबर," वेंदा म्हणाला. "झाकणाखालचं. लाल बघ, पांढरं नको." क्वेताने रिकाम्या बरणीचं रबर काढलं, नखं कापायच्या कात्रीने गोल कापलं, चुकीचं कापलं, वेंदाने तोंडातून एक शब्द काढला, तिने त्याच्याकडे रोखून बघितलं, त्याने शब्द परत गिळला. दुसरं बरोबर कापलं गेलं. तिने जोड आवळला. "आता पुरे," तो म्हणाला. "अजून थोडा," ती म्हणाली. "क्वेता, बोहुशने असंच केलं." "मग पुरे."

कॉक उघडला. एक थेंब नाही.

क्वेता सिंकखाली तशीच बसून राहिली. गालावर गंज, केसांत पीठ. "वेंदा," ती म्हणाली, "तुला रोज असं वाटतं?"

"रोज," तो म्हणाला.

"आणि मला नुसता टॉर्च धरायला लावत होतास? एकतीस वर्षं?"

बिचाऱ्याचा टॉर्च विझवायचासुद्धा राहिला.

त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं. नाश्ता न करता ती आधी तलावावर गेली आणि बाकाचा नट आवळला. वेंदा शेजारी ओणवा, भर उन्हात टॉर्च धरून. मग दोघं त्याच बाकावर बसली. मी यारमिलाबरोबर लांबून फरशी पुसायच्या फडक्यासारखा उभा होतो. तिने त्याला काय विचारलं माहीत नाही, पण तो बोलत होता. हात हलवून हलवून, आटे, नट, काय काय दाखवत, आणि ती मध्येच त्याला थांबवून काहीतरी विचारत होती. बदकांकडे दोघांपैकी एकानेही बघितलं नाही. तासभर.

कुबातोवा बाई चर्चहून आल्या तेव्हा फरशी मी आणि यारमिलाने कोरडी केली होती. नळ फुटल्याचं बाईंनी ऐकून घेतलं. मग वाकून जोड बघितला. "कुणी केलं?"

"तिने," आम्ही तिघं म्हणालो.

"मग तुम्ही काय करत होता?" बाईंनी मला विचारलं.

"मी सुरुवात केली," मी म्हटलं.

"ऐका सगळे," यारमिला म्हणाली. "आजी इथे नाहीत, म्हणून निकाल मी देते. वेंदेलिनने मोडक्या वस्तूला हात लावला?"

"टॉर्चला लावला!" मी म्हटलं. "आणि तोंडाने दुरुस्त केलं! सांगणं म्हणजे करणंच आहे!"

"टॉर्च मोडका नव्हता. आणि तोंडाचं म्हणशील तर तुझंच बंद करावं लागेल. मोज्यातला पाना दाखवू का बाईंना?"

मी मुकाट्याने खुर्ची उचलली आणि मोठ्या चौकाकडे निघालो.

गाडी दोनची होती. बारा वाजता मी मोठ्या चौकात, कारंज्याशेजारी, कुबातोवा बाईंच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो होतो. गळ्याला बाईंचा टॉवेल, साबणाचा फेस पार कानापर्यंत. चर्चहून परतणारे, आइसक्रीम चाटणारे, सायकलवाले, सगळे थांबले. टेबलवाल्या कॉफीच्या दुकानातला वेटर ट्रेसकट उभा राहिला. एका आजोबांनी टोपी काढली. कुणीतरी विचारलं, "लग्न आहे का?" यारमिला म्हणाली, "नाही, शिक्षा."

"वेंदा, घे वस्तरा," मी म्हटलं. "उरक लवकर."

"दोन वाजेपर्यंत मी कशाला हात लावणार नाही," तो म्हणाला. "मिशी मोडकी असेल तर?"

वस्तरा क्वेताने घेतला. तिचे हात काळे होते. तिने ते धुतले नव्हते, मुद्दाम. वेंदाने आरसा धरला.

"क्वेता, डाव्या बाजूला वळण आहे," तो म्हणाला. "वरून खाली घे."

"गप्प. सरळ धर."

पहिल्या हातात माझी अर्धी मिशी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्वेता थांबली, मोबाइल काढला आणि ओल्या बोटाने बहिणीला फोन लावला, तिथेच, माझ्या अर्ध्या मिशीसमोर.

"अल्झ्बेता? हो, मी. नाही गं, पाच महिने नाही. जूनमध्ये दोन आठवडे येतोय. दोघं. तुझ्याकडे काही बिघडलंय का? ... सगळंच? छान. कुणाला बोलावू नकोस. हात लावू देऊ नकोस कुणाला. ठेवते, एक काम अर्धं राहिलंय."

मग तिने माझी हनुवटी धरली, डोकं मागे केलं, आणि उरलेली अर्धी काढली. ओठांवर त्रेबोनचा वारा लागला, इतका गार की मला शिंक आली. चौकातले दीडशे लोक एकदम म्हणाले, "जपून!"

यारमिला समोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"अगं," ती क्वेताला म्हणाली, "याला तर वरचा ओठ आहे."